पाच वेळा काढलेला त्रिकोण

शहापूर,
रविवार, २१ सप्टेंबर २०२५

प्रिय गंगी,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस का? ओळखलंच असशील. तुझ्या वहीत हे अक्षर लाल शाईत आहे. मी रोकडेबाई, डोळखांबच्या शाळेतली, तुझ्या आठवी 'ब'ची वर्गशिक्षिका. शनिवारी काजल घरी येईल तेव्हा तिच्या दप्तरातून हे पत्र आणि सोबत प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली एक वस्तू तुझ्याकडे येईल. पिशवी पत्र वाचून झाल्यावरच सोड. आणि पत्र काजलला वाचायला लावू नकोस, तू स्वतः वाच. दिवाबत्तीची घाई नसेल, भात चुलीवर नसेल, अशा वेळी बस. जरा लांबलचक आहे. मी मराठीची बाई, मला थोडक्यात लिहायची सवय कधी लागलीच नाही.

आधी मुद्द्याचं सांगते, म्हणजे तू मध्येच पत्र बाजूला ठेवणार नाहीस. तुझी शाळा वीटभट्टीमुळे सुटली असं मी अठरा वर्षं सगळ्यांना सांगत आले. मुख्याध्यापकांना सांगितलं, तपासणीला आलेल्या साहेबांना सांगितलं, आणि सगळ्यात जास्त वेळा स्वतःला सांगितलं. ते खोटं होतं हे मला बारा दिवसांपूर्वी भर वर्गात, साठ मुलांसमोर कळलं, आणि ते कळवलं तुझ्या काजलने. आता ते माझ्याकडून निस्तरलं जातं की नाही, एवढाच प्रश्न आहे. ते तुझ्या हातात आहे, म्हणून हे पत्र.

तुला ठाऊक नसेल, भूमिती हा माझा विषयच नव्हे. मी मूळची मराठी-इतिहासाची. आपल्या शाळेत गणिताचे सर टिकत नसत. डोळखांबला बदली म्हणजे शिक्षा समजून जूनमध्ये यायचे आणि दिवाळीपर्यंत वशिला लावून जायचे. मग मुख्याध्यापकांनी एक दिवस भूमितीचं पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, बाई, तुमचं पाठांतर चांगलं आहे. झालं. त्या पाठांतरावर मी वीस वर्षं भूमिती ओढली. गाइडातली आकृती फळ्यावर, फळ्यावरची वहीत, वहीतली पेपरात. फळ्यावर मी जो त्रिकोण काढायची तो नेहमी एकाच ठेवणीचा असायचा, खाली बसका, वर टोक बरोबर मध्ये. निकाल चांगला लागायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, तसं माझं चाललं होतं, आणि मूठ उघडायची वेळ माझ्यावर कुणी आणली नाही. ती तू एकटीने आणली होतीस. तिकडे येतेच.

गेल्या वर्षी शाळेत शेखर सर आले. मुरबाडचेच आहेत, वयाने माझ्या मुलाएवढे, गणितात पदवी. शाळेला देणगीत मिळालेला प्रोजेक्टर आणि दोन लॅपटॉप कपाटात प्लास्टिकसकट पडून होते, ते त्यांनी बाहेर काढले. प्रयोगशाळेच्या खिडक्यांना चादरी लावल्या आणि मला म्हणाले, बाई, जिओजेब्रा शिका. भूमितीचं सॉफ्टवेअर आहे, फुकट मिळतं, नेट नसलं तरी चालतं. मी म्हटलं, सर, माझी निवृत्ती पुढच्या वर्षी नोव्हेंबरात, आता कशाला म्हाताऱ्या माणसाला छळता. पण पोरगा चिवट. शाळा सुटल्यावर माझी एसटी यायला पाऊण तास असतो, तेवढ्यात रोज बसवायचा.

पहिल्या दिवशी मी मोठ्या तोऱ्यात एक त्रिकोण काढला. आत तीन शिरोलंब मारले. आठवतं ना तुला, त्रिकोणाच्या एकेका टोकापासून समोरच्या बाजूवर टाकलेली सरळ उंची? तीन टोकं, तीन उंच्या, आणि तिन्ही रेघा एका बिंदूत भेटतात. मी अंदाजाने अशा मारल्या की बरोबर एका जागी मिळाल्या. हुबेहूब पुस्तकातली आकृती. शेखर सरांनी माउसने त्रिकोणाचं एक टोक धरून जरासं ओढलं आणि माझी आकृती विस्कटली. तीन रेघा तीन दिशांना. म्हणाले, बाई, तुम्ही चित्र काढलंत. ही रेघ लंब आहे असं त्याला सांगितलंच नाहीत. त्याला सांगावं लागतं, हे टोक, ही बाजू, या बाजूवर लंब. तसं सांगून काढलं की कुठूनही ओढा, किती ओढा, लंब तो लंबच राहतो. मला इतका राग आला की दोन दिवस मी माउसच खराब आहे म्हणत होते. नाचता येईना अंगण वाकडं. तिसऱ्या दिवशी मुकाट्याने वहीत पायऱ्या लिहून घेतल्या, एखादा पदार्थ लिहून घ्यावा तशा, आणि जमलं. मग मात्र मला वेडच लागलं. एसटीत बसूनही मोबाइलवर त्रिकोण ओढत बसायची. शेजारची भाजीवाली विचारायची, बाई, कसला गेम आहे.

मग मी मुलांनाही पडद्यावर तसंच शिकवायला लागले. मुलांनी त्या तासाला नाव दिलंय ओढाओढीचा तास. एरवी भूमिती म्हटलं की पोटात दुखणारी पोरं त्या दिवशी दारात रांग लावतात. प्रत्येकाला एकदा येऊन टोक धरून ओढायचं असतं. वीज गेली तर सगळा वर्ग महावितरणला शिव्या घालतो, भूमितीसाठी. मी इतक्या वर्षांत असलं काही पाहिलं नव्हतं.

आता ते तू आठवीत होतीस तेव्हाचं. दोन हजार सात, दिवाळीच्या सुट्टीच्या आधीचा आठवडा. मी गृहपाठ दिला होता, त्रिकोण काढून त्याचे शिरोलंब काढा. सगळ्या वर्गाने माझाच बसका त्रिकोण काढून आणला. तू आणलास तो एका बाजूला कललेला, एक कोन चांगला पसरट. त्याच्या टोकातून काढलेली उंची पायाच्या बाहेरच पडत होती, म्हणून तू पाया तुटक रेघेने पुढे वाढवला होतास. तिन्ही रेघा भेटल्या त्या त्रिकोणाच्या पार बाहेर. मी लाल फुली मारली. सगळ्यांसमोर वही वर धरून विचारलं, हे काय काढलंयस. तू तुझ्या त्या बारीक आवाजात सांगितलंस, बाई, आमच्या बांधावरचा आंबा वाकडा हाय. शेंड्यावरून कैरी सोडली तर ती बुंध्याशी नाय पडत, लांब पडते. मग त्याची उंची बुंध्याशी कशी मोजायची, जिथं कैरी पडली तिथूनच मोजायची ना.

गंगी, गणितातल्या पदवीवाल्यालाही याहून चांगलं सांगता येणार नाही, असं शेखर सर म्हणतात. आणि मी काय म्हटलं तेही मला शब्दन् शब्द आठवतं. झाडावर चढायचं ते पाड्यात, इथं त्रिकोण शिकायचे. वर्ग खो-खो हसला. खरं सांगायचं तर मला उत्तर येत नव्हतं, म्हणून मी हसवलं. त्या दिवसापासून पोरं तुला 'शेंड्यावरची' म्हणायला लागली. मी ते व्हरांड्यात माझ्या कानांनी ऐकलं आणि एकालाही दटावलं नाही. दिवाळीनंतर तुमचं बिऱ्हाड भट्टीवर गेलं. जूनमध्ये भट्टीवरून सगळी माणसं परतली, तुझा भाऊ जगन सहावीत येऊन बसला. तू आली नाहीस. मी चौकशी केली नाही. हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा करत राहिले आणि मग एक दिवस तुझं नाव कमी केलं.

या जूनमध्ये जगन काजलला घेऊन दाखल करायला आला, तेव्हा अर्जावर आईचं नाव गंगी असं वाचलं. पण पाड्यापाड्यात एक तरी गंगी असते, माझ्या डोक्यात काही आलं नाही. मिशा आलेल्या जगनलाही मी ओळखलं नाही, आणि तो आपणहून काही बोलला नाही. पोरगी गप्प, शेवटच्या बाकावर, केसांना दोन घट्ट वेण्या. मला वाटलं, मामाकडे शिकायला ठेवलेली कुणीतरी.

बारा दिवसांपूर्वी, मंगळवारी, आठवीला शिरोलंबांचा ओढाओढीचा तास होता. त्रिकोण मी आदल्या दिवशीच तयार ठेवला होता, सगळे लंब नीट सांगून. काजलची पाळी आली. बाकीच्यांनी टोक थोडं इकडे, थोडं तिकडे हलवलं होतं. तिने मात्र ते धरलं आणि उजवीकडे नेत राहिली, पायाच्या पलीकडे, अजून पलीकडे. त्रिकोण कलला, आणि तो भेटीचा बिंदू हळूहळू बाजूपर्यंत आला, बाजू ओलांडली आणि बाहेर जाऊन उभा राहिला. तुला हसू येईल, हल्लीच्या पुस्तकात एक ओळच आहे की विशालकोन त्रिकोणात हा बिंदू बाहेर असतो. ती ओळ मी सात वर्षं मुलांकडून घोकून घेतेय. पण घोकलेलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं यांची गाठ माझ्या डोक्यात कधी पडलीच नव्हती. पडद्यावर बिंदू बाहेर गेलेला दिसला आणि माझ्या तोंडून जुन्या सवयीने निघून गेलं, चुकलं, चुकलं, परत आत आण.

काजलने माउस सोडला नाही. माझ्याकडे न बघता म्हणाली, बाई, चुकलं नाय. माझ्या आयच्या वहीत पण असंच हाय. तिथं पण तुमी लाल फुली मारलीय.

मी आईचं नाव पुन्हा विचारलं. मग माहेरचं गाव, पाडा, वर्ष. मग वर्ग शेखर सरांच्या ताब्यात दिला आणि पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर जाऊन उभी राहिले. माझ्या डोळ्यांना पाणी आलं होतं, लपवत नाही तुझ्यापासून.

पुढच्या सोमवारी ती वही घेऊन आली. तुला विचारून आणली की तुझ्या नकळत, हे मी तिला विचारलं नाही. वहीला अजून ते खाकी कव्हर आहे, त्यावर नाव, तुकडी, विषय. अठरा वर्षं, लग्न होऊन सासरी गेलीस, दोन बाळंतपणं झाली, दर वर्षी भट्टीवर बिऱ्हाड हललं असेल, तरी एक भूमितीची वही तू जपून ठेवलीस. मी ते पान उघडलं. लाल फुली. तिच्याखाली माझा शेरा, आकृती चुकीची, पुन्हा पाच वेळा काढ. एवढं मला आठवत होतं. पान उलटलं तर पुढे तू खरोखर पाच वेळा आकृती काढली होतीस. मी ती कधी तपासलीच नव्हती, कारण नंतर तू वही घेऊन आलीच नाहीस. पाचही वेळा तोच त्रिकोण. पाचही वेळा तुटक रेघ, पाचही वेळा बिंदू बाहेर. एकदाही तू माझ्या म्हणण्याप्रमाणे तो आत ओढून घेतला नाहीस. चौदा वर्षांची पोर, सगळा वर्ग हसलेला, बाई रागावलेली, घरी बिऱ्हाड बांधायची लगबग, आणि तू पट्टी घेऊन बसलीस आणि बरोबर होतं तेच पाच वेळा काढलंस. शिक्षिकेच्या नोकरीत मी पुष्कळ हुशार मुलं पाहिली. एवढी धिटाई नाही पाहिली.

मला अधिक लाज कशाची वाटते सांगू? मी मुरबाडकडच्या एका खेड्यातली. आमची वस्ती गावाबाहेर. मी चौथीत असताना एका गुरुजींनी माझं बरोबर आलेलं उत्तर बघून विचारलं होतं, कुणाच्या पाटीवरून उतरवलंस, तुमच्यात कुठून आलं हे. वर्ग असाच हसला होता. घरी येऊन मी आईला म्हटलं, मी उद्यापासून जाणार नाही. आई अंगठेबहाद्दर, पण तिने जेवण वाढता वाढता एवढंच सांगितलं, रोज जायचं, खाडा करायचा नाही, ते थकतील पण तू थकू नकोस. त्या एका वाक्यावर मी शिकले. दर चौदा एप्रिलला मी स्टेजवर उभी राहून हीच गोष्ट सांगते, लोक टाळ्या वाजवतात. आणि माझ्या वर्गात त्या गुरुजींच्या जागी मीच उभी होते. तुला घरी कुणी तसं सांगणारं नव्हतं, ते माझं काम होतं.

एवढं झाल्यावर मी काजलला एक प्रश्न विचारला, जो मला झोपू देत नव्हता. मुरबाड तालुक्यात शाळा नाहीत का? टोकावड्याच्या बाजूला तुमचं घर, तिथे जवळ हायस्कूल आहे. तुझ्या आईने तुला डोंगरापलीकडे मामाकडे ठेवून याच शाळेत, माझ्याच वर्गात का घातलं? पोरगी लाजली. मग तुझंच बोलणं सांगितलं तिने, मी जसंच्या तसं लिहिते. आय म्हणली, त्या बाईंना भूमिती येत नाय, पण त्या रोज येतात. पाऊस असू दे, एसटी बंद असू दे, त्या येतात.

गंगी, मला आजवर दोन पुरस्कार मिळालेत, तालुक्याचा एक आणि संस्थेचा एक. दोन्हींची सन्मानपत्रं भिंतीवर आहेत. तुझं हे वाक्य मी त्यांच्या वर लावलं असतं. पहिला अर्धा भाग खरा आहे, म्हणूनच दुसऱ्यावर माझा विश्वास बसला. जिने तुला वर्गातून घालवलं तिच्याच हाती तू तुझी लेक दिलीस. मला माहीत आहे ते माफ करून नव्हे, हिशेबाने दिलीस, आईने करावा तसा लेकीच्या भल्याचा विचार करून. तरीही मी त्याचे उपकार मानते. तू तिला पाठवलं नसतंस तर मी येत्या नोव्हेंबरात हार-नारळ घेऊन, सगळं बरोबर केलं असं समजून घरी गेले असते. तो बिंदू बाहेर गेलेला मी बघितला आणि पहिल्यांदाच मला भूमिती कळली, तीही तुम्हा मायलेकींमुळे. शेखर सरांनी मला माउस धरायला शिकवलं. बाकीचं तुम्ही शिकवलंत.

आता पत्र कशासाठी लिहिलं ते. काजलकडून आणखी एक कळलं. तुमच्या पाड्यावर आशाताई नेमायची होती, तू अर्ज केलास, आणि शिक्षण कमी पडतं म्हणून तो परत आला. त्या दिवशी तू दिवसभर नाचणी निवडत बसलीस म्हणे. त्या परत आलेल्या अर्जाचं कारण माझ्या एका लाल फुलीपर्यंत येऊन पोचतं, गंगी. मी दुसऱ्याच दिवशी शाळेचं जनरल रजिस्टर काढलं. तुझ्या नावापुढे शाळा सोडण्याचं कारण माझ्याच अक्षरात आहे, सतत गैरहजर. रजिस्टरात खाडाखोड करायला मला परवानगी नाही, नियम आहे, ते तसंच राहील. पण तुझा शाळा सोडल्याचा दाखला तू कधी न्यायलाच आली नव्हतीस, तो मी मुख्याध्यापकांकडून तयार करून घेतला आहे. दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म असतो, पाचवी पास असलं की चालतं, वयाची अट वरच्या बाजूने नाही. शेखर सरांनी तुझी माहिती भरून ठेवली आहे. आधारकार्ड, दोन फोटो आणि तुझी सही, एवढंच राहिलंय. मराठी आणि इतिहास मी शिकवीन, निवृत्त झाले तरी. भूमिती काजल आणि तू मिळून बघा, मी शेजारी बसून शिकेन. मुदत महिनाअखेरपर्यंत आहे, म्हणून घाई करतेय. तू नाही म्हणालीस तरी मी समजून घेईन, पण नाही म्हणायलासुद्धा शाळेत ये, फाटकाबाहेरून नको.

आता पिशवी सोड. तुझी वही आहे. लाल फुलीवर मी काट मारली आहे आणि तुझ्या पाचही आकृत्या तपासल्या आहेत, अठरा वर्षं उशिरा. प्रत्येकीपुढे बरोबरची खूण आहे. गुणांत बदल केला की शेजारी शिक्षकाने सही करायची असते, तशी मी पाच ठिकाणी सही केली आहे, खाली तारीख घातली आहे. काजलला सोडायला आजवर जगनच आला. या सोमवारी तू ये. कितीही वाजता ये, एसटी चुकली तर दुपारी ये, सोमवारी नाही जमलं तर मंगळवारी ये. मी असेन. तुला माहीतच आहे, मी रोज येते.

तुझीच,
रोकडेबाई